ठेंगणीच्या कानातला नमुना

१ सप्टेंबर, मंगळवार

दुरुस्ती. २१ ऑगस्टच्या पानावर मी लिहिलंय — "आज एक्केचाळीस नंबरच्या दहा स्लाइड पाहिल्या, डोळे चुरचुरतायत." दहा नाही. सहा पाहिल्या.

लॅबच्या रजिस्टरात दहा लिहिलं ते एक वेळ समजू शकतं. तिथला रकानाच दहा मागतो. पण इथे? ही वही माझ्याशिवाय कुणी उघडत नाही. इथेही दहा लिहिलं! डोळे चुरचुरत होते, तेवढं मात्र खरं.

हे आज लिहायचं कारण — बाबांच्या गोठ्यावरची ठेंगणी गाय काल गेली. बाबा दुपारी जेवायला आलेच नाहीत. संध्याकाळी आले, हातपाय धुतले, भिंतीला टेकून बसले. आईने विचारलं तेव्हा म्हणाले, "सुटली." त्यावर आईने ताट वाढलं आणि ते तसंच झाकून ठेवलं.

एक्केचाळीस नंबर म्हणजे ठेंगणीचा कान.

२ सप्टेंबर, बुधवार

नीट क्रमाने लिहिते. घाईत लिहिलं की मी खोटं लिहिते, हे आता कळलंय.

बाबा एकतीस वर्षं त्या गोठ्यावर आहेत. चाळीस गाई. मालक बदलला, सुपरवायझर चार झाले, बाबा तेच. गाईंना तिथे नंबर आहेत, पण बाबांना अक्षर-आकडा येत नाही, म्हणून त्यांनी सगळ्यांना आपली नावं ठेवलीयत. आखूड पायांची ती ठेंगणी. रोज सकाळी धारेच्या आधी ते प्रत्येक गाईच्या कानाशी नाक नेतात. लहानपणी मला वाटायचं ते गाईंना काहीतरी सांगतात. एकदा विचारलं तर म्हणाले, "सांगत नाही, ऐकतो. नाकाने."

ऑगस्टच्या मध्यावर जेवताना म्हणाले, ठेंगणीचा डावा कान सडका वास मारतोय. मान एका बाजूला धरते, कान लोंबतो. कान उलटा करून पाहिलं तर पिवळ्या घाणीत पांढरं काहीतरी — "दोऱ्याची तुटकी टोकं असावीत तसं. आणि चालतंय."

मी म्हणाले, "पू असेल बाबा. कृमी असे नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत."

मी न बघता म्हणाले. वर ते साफ चूकही होतं. कानातले हे कृमी मिलिमीटर-दोन मिलिमीटरचे असतात, चांगली नजर असली तर दिसतात. हे मला पुस्तकातून माहीत होतं. तरी म्हणाले. आईसमोर. बाबा हसले आणि म्हणाले, "बरं बाई, पू."

डॉक्टर आले. ठेंगणीने त्यांना जवळच येऊ दिलं नाही, शिंग मांडीला चाटून गेलं. शेवटी डॉक्टरांनी चिमटा आणि कापूस बाबांच्या हातात दिला. नमुना बाबांनीच घेतला. बाटली आमच्या लॅबला आली.

आमच्याकडे नमुन्यावर फक्त नंबर असतो. मी रुजू झाले तेव्हा लॅबच्या प्रमुख मॅडमना आपणहून सांगितलं होतं की माझे वडील गुरांच्या गोठ्यावर कामाला आहेत. त्या म्हणाल्या, "नंबरला बाप नसतो. काम कर." मला ते फार आवडलं होतं.

पण बाटलीच्या तोंडाला फडकं बांधलेलं होतं आणि गाठ आतल्या बाजूला दडपलेली. अशी गाठ बाबाच बांधतात. माझ्या डब्याला रोज असते. त्याच क्षणी बाटली दुसऱ्या कुणाकडे द्यायला हवी होती. मी ओळखलीच नाही असं ठरवलं.

३ सप्टेंबर, गुरुवार

आज लॅबमध्ये कुणी माझ्याकडे बघितलं की वाटे, कळलं. चोराच्या मनात चांदणं.

४ सप्टेंबर, शुक्रवार

सहाच का पाहिल्या — हे अजून लिहिलेलं नाही. टाळतेय.

जुलैत आमच्यातल्या एकाने एका नमुन्यात कृमी आहेत असा रिपोर्ट दिला आणि ते निघाले साधे मातीतले. नमुना घेताना शेण-माती मिसळली होती. मॅडमनी सगळ्यांसमोर त्याला झाडलं — गोठ्यात जे जे वळवळतं त्याला रोग म्हणणार असाल तर लॅब कशाला, गावगप्पांवर भागेल. तो बिचारा तीन दिवस डबा एकटा खात होता.

कानातले कृमी आणि मातीतले कृमी नात्यातलेच. अन्ननलिकेला दोन फुगवटे, दोघांनाही. पिल्लं तर ओळखू येऊ नयेत इतकी सारखी. फरक कळतो तो वयात आलेल्या नरावरून. आणि नर, मादी, अंडी, पिल्लं सगळं एकत्र सापडलं तर प्रश्नच नाही. ती तिथे संसार करून राहतायत, पाहुणी आलेली नाहीत. त्यासाठीच दहा स्लाइडचा नियम. त्यासाठीच नमुना आधी कोमट सलाइनमध्ये ठेवायचा, म्हणजे कृमी सैल पडतात.

एक्केचाळीस नंबर रात्रभर फ्रिजमध्ये होता. मी कोमट केला नाही. सगळे आखडून वेटोळी झालेले. सहा स्लाइडमध्ये पिल्लं दिसली, शेपट्या गुंडाळलेल्या. साडेपाच वाजले होते. पण खरं कारण घड्याळ नाही. खरं कारण असं — बाबा म्हणाले होते कृमी आहेत, आणि मी बाबांचं ऐकून कृमी शोधतेय असं मला स्वतःलाच वाटायला लागलं. गोठ्यातल्या माणसाची मुलगी, गोठ्यातलं ऐकीव घेऊन लॅबमध्ये आली! निःपक्षपाती व्हायचं होतं मला. तागडी सरळ धरायला गेले आणि दुसऱ्या बाजूला कलती धरली.

रिपोर्ट लिहिला: "आढळलेले कृमी मातीत मोकळे राहणारे. नमुना घेताना शेण-माती मिसळल्याची शक्यता. कानाच्या आजाराशी संबंध नाही."

डॉक्टरांनी त्यावर भरवसा ठेवून जंतांचं औषध थांबवलं, पुवावरचे थेंब दिले. सुपरवायझरने रिपोर्ट सगळ्या कामगारांसमोर वाचून दाखवला आणि बाबांना म्हणाला, "एकतीस वर्षं झाली, हात धुवायला कधी शिकणार?"

हे बाबांनी घरी सांगितलं नाही. आईला दुधाच्या गाडीवाल्याकडून कळलं.

५ सप्टेंबर, शनिवार

अर्धा दिवस. एकला सगळे गेले. उरलेला नमुना महिनाभर फॉर्मालिनमध्ये ठेवतात. मी मागच्या फळीवरून एक्केचाळीस नंबर काढला.

बाटलीकाका (बाटल्या धुतात म्हणून काका, वयाने मॅडमपेक्षाही मोठे) पलीकडे नळावर होते. म्हणाले, "बाईसाहेब, मेलेल्यांना आता दुसऱ्यांदा मारताय का?"

सातवी स्लाइड — काही नाही. पिल्लंच. मला बरं वाटलं! हे लिहायलाच हवं. क्षणभर बरं वाटलं.

आठवी — नर. पूर्ण वाढलेला. शेपटीच्या दोन्ही बाजूंना पारदर्शक पातळ पडदा, आत दोन बारीक सुया शेजारी शेजारी. पुस्तकातल्या चित्राइतका स्वच्छ. नववीत मादी, पोटात अंडी, एका अंड्यात पिल्लू गुंडाळलेलं. दहावीत तीन नर.

म्हणजे संसार होता. ठेंगणीच्या कानात.

तिचं शेवट शेवट एका बाजूचं तोंड लुळं पडलं होतं. पापणी मिटेना. चारा गालात साठून राहायचा, बाबा बोट घालून काढायचे. मग ती एकाच दिशेने गोल फिरायला लागली, मग बसली, मग उठली नाही. हे सगळं होत होतं तेव्हा मी घरात होते. रोज जेवताना ऐकत होते. आठवी स्लाइड तेव्हाही फळीवरच होती.

काकांना विचारलं, तुम्ही कधी चुकलात का. म्हणाले, "मी बाटली नीट धुतली नाही तर तुम्हाला कळतं. तुमचं कुणाला कळतं?"

७ सप्टेंबर, सोमवार

आज मॅडमना सांगणार होते. त्यांच्याकडे माणसं बसली होती.

८ सप्टेंबर, मंगळवार

आज माणसं नव्हती. तरी नाही सांगितलं.

१० सप्टेंबर, गुरुवार

बाबांनी डोळे तपासून घेतले. आपणहून! दात काढायलाही ज्यांना आईने ओढत नेलं होतं, ते एकटे चष्म्याच्या दुकानात गेले. अक्षर येत नाही म्हणून दुकानदाराने चित्रांचा तक्ता लावला. बाबांनी शेवटच्या ओळीपर्यंत सगळं सांगितलं. तो म्हणाला, या वयाला अशी नजर फार थोड्यांची, अजून सुईत दोरा ओवाल.

आई खूश. मी बाबांकडे बघत होते. इतकं उतरलेलं मी त्यांना ठेंगणी गेली त्या दिवशीही पाहिलं नव्हतं.

"खराब निघायला हवे होते," म्हणाले. आई म्हणाली, भलतंच काय बोलता. ते अंगणात जाऊन दोरी वळत बसले.

मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले. सांगायचंच असं ठरवून. ते म्हणाले, "तुझी लॅब कशी चाललीय?" मी म्हणाले, "बरी." झालं.

१३ सप्टेंबर, रविवार

बाबांच्या बरोबर गोठ्यावर गेले. कित्येक वर्षांनी. ठेंगणीच्या जागी अजून कुणाला बांधलेलं नाही. खुंट्याभोवतीची जमीन गोल झिजलेली.

तिच्या शेजारची गाय, कपाळावर ठिपका आहे म्हणून टिकली, मान कलती करून उभी. मी बाबांकडे पाहिलं. ते घमेलं उचलायला वाकले.

विचारलं, कधीपासून. म्हणाले, असेल आठवडा. कुणाला सांगितलं? नाही. का नाही?

"माझ्या बघण्यावर काय जातेस. तू बघ. तुझे डोळे शिकलेले आहेत."

टोमणा नव्हता. टोमणा असता तर सोसला असता.

त्यांनी टिकलीचं डोकं मांडीशी धरलं, मी कान उलटा केला. वास. पिवळी घाण. आणि त्यात दोऱ्याची तुटकी टोकं, चालणारी. हातच्या कंकणाला आरसा कशाला — लॅब नको, मायक्रोस्कोप नको. एक महिन्यापूर्वी एवढं करायला मला पंधरा मिनिटं लागली असती. मी म्हणाले, "दिसतायत बाबा." ते वर बघत होते, छपराकडे. म्हणाले, "मग डॉक्टरांना सांग."

तिथूनच डॉक्टरांना फोन केला.

१५ सप्टेंबर, मंगळवार

टिकलीचा नमुना आला. नंबर त्रेपन्न. मी मॅडमना सांगितलं, हा गोठा माझ्या ओळखीचा आहे, मी हात लावणार नाही. जुलैत ज्याला बोलणी बसली होती, त्याच्याकडे तो गेला. त्याने नमुना कोमट केला, दहाच्या दहा पाहिल्या, वर आणखी दोन पाहिल्या. नर, मादी, अंडी, पिल्लं. गोठ्यातली माती मागवून तीही तपासली. त्यात भलतेच कृमी, हे नाहीतच. रिपोर्टवर मॅडमनी स्वतः "उत्तम काम" लिहिलं.

मलाही त्याचं अभिनंदन करावं लागलं.

१६ सप्टेंबर, बुधवार

टिकलीचा कान धुतला, जंतांचं औषध सुरू. डॉक्टर म्हणतात वेळेत सापडलं, वाचेल.

१७ सप्टेंबर, गुरुवार

मॅडमना सांगितलं.

उभ्यानेच सुरू केलं. एक्केचाळीस नंबर, फ्रिज, गाठ, आठवी स्लाइड. त्या ऐकत होत्या. मग विचारलं, "किती पाहिल्या होत्यास?"

"सहा."

"रजिस्टरात?"

"दहा."

त्यांनी उठून स्वतः दार लावलं.

ओरडल्या असत्या तर सोपं गेलं असतं. त्या हळू बोलल्या. निष्कर्ष चुकतो, माझाही चुकलाय, तो माफ होतो, हा आकडा माफ होत नाही. तू लेखी दिलंस तर मला वर पाठवावं लागेल. तुझी कायम होण्याची फाईल गेल्याच आठवड्यात गेलीय, ती परत येईल. तुझे वर्षभराचे सगळे रिपोर्ट पुन्हा उघडतील. तुझ्यानंतर गोठ्यातून, शेतातून कुणी मुलगी आली तर तुझं उदाहरण देतील. हे शेवटचं त्यांनी खिडकीकडे बघत सांगितलं. त्याही कुठून आल्यायत ते मला ठाऊक आहे.

"झाकली मूठ राहू दे. दुसऱ्या गाईचा रिपोर्ट बरोबर गेलाय, औषध सुरू झालंय. पहिली गाय काही परत येत नाही. आता या घडीला कुणाचं नुकसान होतंय, सांग मला."

मला नाव सुचलं नाही. खरंच सुचलं नाही! "थँक्यू मॅडम" म्हणाले आणि बाहेर आले.

घराण्यातली पहिली शिकलेली मी. आई अजून माझं ओळखपत्र रोज सकाळी पदराने पुसून देते.

१८ सप्टेंबर, शुक्रवार

नाव मिळालं.

सुपरवायझरने कागद तयार केलाय. ठेंगणी कशाने गेली याचं गोठ्याच्या दप्तरात काहीतरी लागतं. त्यात लिहिलंय की नमुना घेताना गोठ्यावरच्या माणसाने अस्वच्छता केली, त्यामुळे रोग वेळेवर कळला नाही, गाय दगावली, त्याला तो जबाबदार. आधार म्हणून माझा २१ ऑगस्टचा रिपोर्ट जोडलाय. सोमवारी अकरा वाजता बाबांनी त्यावर अंगठा द्यायचा. मग महिनाअखेर काम सोडायचं. टिकलीचा रिपोर्ट ही वेगळी गाय, वेगळी फाईल, असं तो म्हणतो.

आई रडली. म्हणाली, एकतीस वर्षांत यांच्या हाताखाली वासरू दगावलं नाही आणि आता कागदावर गाय मारल्याचं येणार. मी म्हणाले, अंगठा देऊ नका, कागद खोटा आहे. आई माझ्यावरच उखडली — "तू कोर्टातल्यासारखं बोलू नकोस. शिकलेल्या माणसांनी तपासून लिहिलंय ना?"

बाबा म्हणाले, "देतो अंगठा. वाद नको."

१९ सप्टेंबर, शनिवार

पत्र लिहायला बसले. चार वेळा लिहिलं. पहिल्यांदा लिहिलं "अनवधानाने". खोडलं. दुसऱ्यांदा "कामाच्या ताणामुळे". खोडलं. तिसऱ्यांदा स्वतःला इतकी दूषणं दिली की वाचणाऱ्याला माझी कीव यावी. तेही खोटंच. आता चार ओळी आहेत. सहा पाहिल्या, दहा लिहिलं. पुढच्या चार आता पाहिल्या, त्यात अमुक दिसलं. निष्कर्ष चुकीचा होता. नमुना घेणाऱ्याने कोणतीही चूक केलेली नव्हती.

पत्र तयार आहे. द्यायचं की नाही, ते अजून ठरत नाही. मी भित्री आहे, हे लिहून ठेवते, म्हणजे नंतर दुसरं काही लिहिता येणार नाही.

२० सप्टेंबर, रविवार

सकाळी बाबांना सांगितलं. तो रिपोर्ट माझा होता.

त्यांनी सदऱ्याच्या आतल्या खिशातून घडी केलेला कागद काढला. रिपोर्टची नक्कल. खालच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. "ही तुझी सही. नोकरीच्या फॉर्मवर केलीस तेव्हा शेजारी मीच बसलो होतो. मला येणारं अक्षर तेवढं एकच."

म्हणजे पहिल्या दिवसापासून.

"पोरीची सही खोटी पडली असती. डॉक्टरांना म्हणालो असतो, पुन्हा बघा, तर त्यांनी बघितलं असतं. नाही म्हणालो. ठेंगणी माझ्याकडे बघत होती, तरी नाही म्हणालो. तेव्हा अंगठा मीच द्यायचा. कागदात काही खोटं नाही."

उद्या सोमवार, २१ सप्टेंबर. बाबांचा अंगठा अकराला आहे. माझं पत्र दहाला मॅडमच्या टेबलावर, त्याची नक्कल साडेदहाला गोठ्यावर.